पौर्णिमेला चंद्रावर उल्का आदळताना दिसत नाहीत, आणि गरोदर बाईला त्याचं काही होत नाही

"येत्या पौर्णिमेला रंकाळ्यावर जा. मोबाईल झूम केला की चंद्रावर उल्का आदळताना दिसतील. चंद्राला तडा जाईल, तुकडे पृथ्वीवर पडतील, गरोदर बायकांनी बाहेर पडू नये." हा मेसेज कोल्हापुरात घरोघरी फिरतोय. सातवा महिना लागलेल्या माझ्या भाचीचं संध्याकाळचं चालणं त्यापायी बंद केलंय, म्हणून लिहितोय.

आधी तेच. उल्का आदळते ३,८४,००० किलोमीटरवर. तिथून आपल्यापर्यंत येतो तो फक्त प्रकाश, तोही बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पोटातल्या बाळाला त्यानं काय होणार? डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बाईला घरात कोंडलं, तर त्रास त्याचा होईल.

पौर्णिमा तर यासाठी सगळ्यात निरुपयोगी. उल्का आदळताना होणारी ही चमक टिपतात चंद्राच्या अंधाऱ्या भागावर: शुद्ध चतुर्थी ते अष्टमी संध्याकाळी, नाहीतर वद्य अष्टमी ते एकादशी पहाटे. अपवाद खग्रास चंद्रग्रहणाचा, तेव्हा पौर्णिमेचा चंद्रही अंधारतो. २१ जानेवारी २०१९ च्या ग्रहणात एक चमक नोंदली गेली.

मोबाईलचं तर बोलायलाच नको. बहुतेक चमका सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्याही टिकत नाहीत. आठ इंची दुर्बीण, फोकल रिड्यूसर (चंद्राचा जास्त भाग चौकटीत आणणारं भिंग), सेकंदाला २५-३० फ्रेम घेणारा कृष्णधवल कॅमेरा आणि जीपीएसवरून घेतलेली अचूक वेळ लागते. चंद्राची उजळ कोर चौकटीबाहेर ठेवायची. हवेत गुऱ्हाळांचा धूर साचला असेल, तर तिचा उजेड पसरून अंधारा भाग धुऊन निघतो. एवढं करूनही एका फ्रेममधला ठिपका उल्केचाच असेल असं नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून आलेला वेगवान कण, आदळला तरी तसाच ठिपका उमटतो, फिरता उपग्रहही क्षणभर चमकतो. म्हणून दुसरी दुर्बीण लांब हवी, समजा एक शहरात आणि एक पन्हाळ्यावर. तेवढ्या अंतरानं उपग्रह चंद्रासमोर वेगळ्या जागी दिसतो. खरी चमक दोन्हीकडे त्याच क्षणी, चंद्रावरच्या त्याच जागी दिसते.

मेसेजसोबत फिरणाऱ्या व्हिडिओतला 'धडाम' आवाज खोटा. चंद्रावर हवाच नाही.

तुकड्यांबाबत एवढं मान्य करतो की चंद्राचे दगड पृथ्वीवर आलेत. त्यातला पहिला ओळखला गेलेला अंटार्क्टिकात १९८२ साली सापडला. पण ते फार मोठ्या, जुन्या आघातांत उडालेले. १७ मार्च २०१३ ला सुमारे ४० किलोची उल्का आदळली. नासानं टिपलेली ही चमक साध्या डोळ्यांनाही दिसली असती एवढी तेजस्वी होती. नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानानं तिथला नवा खळगा शोधला. त्याचा व्यास भरला १८ मीटर, आणि चंद्राचा आहे ३,४७४ किलोमीटर.