शेवट ठाऊक असलेल्या घरात

एकाच गोष्टीचा शेवट भिंतीच्या अलीकडे ठाऊक आणि पलीकडे अज्ञात, अशा घरात राहण्याचा योग बेळगावकरांखेरीज फार थोड्यांच्या नशिबी येत असावा. आम्ही शहापुरात राहतो. आमच्याकडे मराठी वाहिनी चालते, शेजारच्या अक्कांकडे कन्नड, आणि मधली भिंत अशी आहे की तिकडे कोणी कोणाच्या कानाखाली वाजवली, हे नुसत्या पार्श्वसंगीतावरून इकडे कळते.

2018 मध्ये ‘तुला पाहते रे’ सुरू झाली, तेव्हा तिच्यातल्या विक्रांत सरंजामे या श्रीमंत, पोक्त आणि मृदुभाषी नायकाला आमच्या आईने जावयाचा मान दिला होता. पुढे तोच खलनायक निघाल्यावर तिने त्याचे नाव टाकले आणि जुलै 2019 मध्ये मालिका संपली त्या रात्री ‘सुटलो एकदाचे’ म्हणत देवापुढे साखर ठेवली. तिथेच सारे मिटायचे. पण सप्टेंबरमध्ये तीच कथा ‘जोते जोतेयली’ या नावाने कन्नडमध्ये सुरू झाली. परभाषेतल्या मालिकांवर कन्नड आवाज चढवून त्या दाखवायला कर्नाटकात कित्येक दशके विरोध होता, त्यामुळे कथा घ्यायची आणि नवे नट उभे करून ती पहिल्यापासून चित्रित करायची, अशी रीत पडली. त्या रीतीने आमच्या घरातून हाकललेला विक्रांत आर्यवर्धन होऊन, तितक्याच रुबाबात, शेजारी राहायला आला, आणि अक्का त्याच्यावर लट्टू झाल्या.

स्थळाची खोट ठाऊक असून मुहूर्तापर्यंत तोंड मिटून बसलेल्या वऱ्हाडणीसारखी आईची अवस्था झाली. तोंड मिटणे हा तिचा स्वभाव नाही. एकदा कट्ट्यावर शेंगा फोडता फोडता ती छताकडे पाहत म्हणाली, “अक्का, माणूस दिसतोय तसा नसतोय हं.” अक्कांनी शेंगांच्या टरफलांसकट दोन्ही हात कानांवर नेले. “मुंद एनाक्कैति, हेळब्याड्री!” अशी त्यांनी पुढचे काही सांगायला सक्त मनाई केली, आणि आई आत गेल्याबरोबर मला परसदारी गाठून हळूच विचारले, “खरंच तसला हाय काय वो तो?”

माझा छळ नेमका इथून सुरू झाला. होय म्हणावे, तर अक्कांकडून येणाऱ्या शेंगांच्या पोळ्या बंद होण्याची भीती. नाही म्हणावे, तर आईशी गद्दारी. मी ‘बघूया की’ एवढेच म्हणत असे, आणि दोन्ही बाजू मला लबाड समजत.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली आणि पडद्यावर जुनेच भाग फिरू लागले, तेव्हा तर कहर झाला. अक्कांची गोष्ट मध्येच लटकली होती. तिचा शेवट, निदान आमच्या समजुतीप्रमाणे, हाताच्या अंतरावर आमच्या गच्चीत पापड वाळत घालत उभा होता. दुसऱ्या कोणी दोन शब्दांत विचारून घेतला असता. अक्का मात्र आई दिसली की वळचणीला होत आणि रात्री भिंतीला कान लावत. प्रेक्षकाला शेवट नको असतो, शेवटाबद्दल कुरकुरण्याचा हक्क हवा असतो, असे माझे मत तेव्हाच पक्के झाले.

माझा बेंगळुरूचा भाचा या बाबतीत वेगळा निघेल असे वाटले होते, कारण तो इंग्रजी मालिका पाहतो आणि आम्हाला गावंढळ समजतो. पण जॉर्ज मार्टिनच्या राजसिंहासनाच्या कथेचा पाचवा खंड 2011 मध्ये आला, सहावा अजून यायचा आहे, आणि तिच्यावरच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेने मात्र वाट न पाहता 2019 मध्ये स्वतःच शेवट करून टाकला, हे दुःख तो घरातल्या सुतकासारखे सांगतो. शेवटचा हंगाम पुन्हा चित्रित करा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, त्यांत हाही एक. आईला हे फार पटले. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मेलेला मिहीर लोकांच्या आरड्याओरड्यामुळे परत आणावा लागला होता, हा तिच्या आठवणीतला भक्कम पुरावा.

त्यानंतर कन्नड कथा फाटे फोडत गेली आणि आईचे भविष्य चुकू लागले. “चुकीचं दाखवतायत मेले,” ती भिंतीकडे पाहून म्हणे. 2022 मध्ये नायकाचा नटच बदलला, तेव्हा मराठीचा सारा अनुभव कुचकामी ठरून तिला अक्कांकडे जाऊन ‘हा कोण?’ असे विचारावे लागले. अक्कांनी शेंगापोळी पुढे केली, पण उत्तर दिले नाही. “बघा की वैनी, कळेल,” एवढेच म्हणाल्या.

2023 मध्ये तीही मालिका संपली. दोघींनी एकत्र बसून ‘असा शेवट असतोय होय?’ यावर एकमत केले आणि वाहिनीला खरमरीत पत्र लिहायचे ठरवून वही-पेन माझ्यापुढे ठेवले. आईचा आग्रह मराठी शेवटच जसाच्या तसा हवा होता असा, अक्कांचा आग्रह जुना नट परत आणून नवा शेवट करा असा, आणि दोघीही एकाच वेळी सांगत आहेत. मी मायना लिहून विचारले की हे पत्र मुंबईला धाडायचे की बेंगळुरूला. त्यावर सध्या वाद चालू आहे.