‘टोकाला धुरा घाला, गाडी जागेवर थांबते’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर उन्हाळ्यात मोटारींची ड्रॅग रेस (सरळ रेषेत सुसाट पळवायची शर्यत) घ्यायची पोरांची हौस, त्यातून तो निघाला. मेसेज असा : ‘विदेशातल्या ट्रॅकवर टोकाला जाळ्या आणि खड्यांचे पट्टे लावतात, तो पैशाचा चुराडा आहे. आपण पाच फुटांचा मातीचा धुरा (बांध) घालू, त्याच्यापुढे वाळूचा ढीग, कुटाराची (वाळक्या भुशाची) पोती आणि जुने टायर. दीडशेच्या स्पीडची गाडी जागेवर थांबते. शंकरपटाला कधी जाळी लागली का?’

पुतण्यानं मलाही तो पाठवला. खाली लिहिलं, “काका, बरोबर हाय न?”

नाही रे बाबा. अर्धं आयुष्य गॅरेजमध्ये ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात गेलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जागेवर थांबते.’ थांबते की. सगळी भीती त्याच दोन शब्दांत आहे. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ४२ मीटर. धुऱ्याला धडकल्यावर बोनेट दबून आणि माती सरकून मिळून गाडीला एक मीटर जागा मिळाली असं धरा. तेवढ्यात तो सगळा वेग संपवायचा तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या ८८ पट जोर येतो. ७० किलोच्या पोराच्या छातीवरच्या पट्ट्यानं सहा टनांहून जास्त ओढ सोसायची. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणजे अशा छत्तीस गाठी. पट्टा एखादवेळी टिकेल, बरगड्या आणि मान टिकणार नाही. तीच गाडी ५० मीटरांत सारख्या जोरानं थांबवली तर हा आकडा पावणेदोन पटीवर येतो, नुसता सव्वाशे किलोचा दाब. गाडी तीच, वेग तोच, फरक फक्त जागेचा. आणि एप्रिल-मे महिन्यात आपली काळी माती किती ‘सरकते’ ते ज्यानं त्या दिवसांत कुदळ मारली त्याला विचारा.

वाळूचा ढीग. ट्रॅकवर असतो तो ढीग नसतो, वाफा असतो : सुरुवातीला उथळ, पुढे खोल होत जाणारा, म्हणजे चाकं हळूहळू रुततात. ढिगावर गाडी चढते आणि पलीकडे उलटते. वाफ्यात गोल, गुळगुळीत नदीचे खडे लागतात. खदानीची गिट्टी एकमेकांत अडकून रस्त्यासारखी घट्ट बसते. वाळू घातली तरी ती भुसभुशीत ठेवावी लागते. एक पाऊस पडला, चार गुरं त्यावरून गेली, की ती दबलीच. एवढं करूनही गाडी फार वेगात असली तर वाळूवरून घसरत पार होते.

कुटार आणि टायर. १९६७ साली मोनॅकोच्या शर्यतीत लोरेन्झो बांदिनीची गाडी धडकून उलटली, पेटली, आणि कडेला रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांनी ती आग वाढवली. तीन दिवसांनी तो गेला. पुढे फॉर्म्युला वनमधून हे गठ्ठेच हद्दपार झाले. आपल्याकडे ४५ डिग्रीत वाळलेलं सोयाबीनचं कुटार, त्यात पेट्रोल आणि तापलेला सायलेन्सर. याला सेफ्टी म्हणायचं? टायर कामाचे असतात, पण एकमेकांना बोल्टनं जखडलेले आणि समोरून पट्टा लावलेले. नुसते रचलेले टायर पाखरांसारखे उडतात, तेही बघायला उभ्या असलेल्या माणसांवर.

जाळी म्हणजे पैशाचा चुराडा? जाळी गाडीला अडवत नाही, झेलते. मजबूत पट्ट्यांची ती जाळी गाडीला कवेत घेऊन तिच्यासोबत पुढे जाते आणि ताणत ताणत वेग खाते. लढाऊ विमानांच्या धावपट्टीच्या टोकालाही अशा जाळ्या असतात. तरी जाळी सगळ्यात शेवटी येते. आधी मोकळा रस्ता, मग वाफा, मग जाळी.

त्यांनाही हे फुकट कळलं नाही. २१ जून २००८ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटाच्या गाडीचं इंजिन फुटलं. वेग मोडायला गाडीच्या मागे उघडतात ते पॅराशूट नीट चालले नाहीत, गाडी वेग न सोडता वाळूच्या पट्ट्यातून पार गेली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या ड्रॅग रेस भरवणाऱ्या एनएचआरए संस्थेनं काय केलं? भिंत जाड केली नाही. सर्वांत वेगवान दोन प्रकारांची शर्यत १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली. अंतिम रेषा ३२० फूट अलीकडे आली आणि थांबायला तेवढी जागा वाढली. ज्यांच्याकडे वाळू, पॅराशूट सगळं होतं त्यांनीही शेवटी जागाच मागितली.

राहिला पट. तळेगाव दशासरचा पट पाहिलेल्यांना मी काय सांगणार! जोडी ताशी ४० नं धावते असं समजू. १६० नं येणारी मोटार तिच्या चौपट वेगात, म्हणजे किलोमागे सोळा पट ताकद घेऊन येते. शिवाय बैलाला डोळे आहेत; समोर नाला दिसला तर धुरकऱ्यानं कासरा ओढायच्या आधी तोच पाय रोवतो. ॲक्सिलरेटर अडकलेल्या गाडीला नाला दिसत नाही. आणि पटाला जाळी नसते, कारण पुढचं वावर मोकळं सोडलेलं असतं. मेसेजवाल्यानं नेमकं तेच गाळलं.

मातीवर, ब्रेक नीट लागले तरी, दीडशेवरून थांबायला २५० मीटरच्या आसपास धरा. ड्रायव्हरला भान यायला एक सेकंद गेला तर आणखी ४२. हा हिशेब ब्रेक चालू असलेल्या गाडीचा.

काल संध्याकाळी मैदानावर जाऊन आलो. पोरांनी चुन्यानं आखलेल्या शेवटच्या रेषेपासून नाल्याच्या काठापर्यंत माझी नव्वद पावलं भरली. पुतण्याला उत्तर म्हणून तेवढाच आकडा पाठवला.