जुन्या शस्त्रांच्या बाजारात गावाचं नाव का पुसलं जातं?

जुन्या तलवारी, कट्यारी, लष्करी पदकं जमवणाऱ्या आमच्या मंडळींत विक्रेत्याच्या नफ्यावरून कायम वाद असतो. दुप्पट चालेल, पाचपट म्हणजे लूट, वगैरे. मला पटींचं एवढं वाटत नाही. व्यापारी पैसा अडकवतो, माल वर्षानुवर्षं पडून राहतो, तेजाबानं गंज चढवून जुनी केलेली तलवार कधी त्याच्याही गळ्यात पडते. खरं-खोटं ओळखायची नजर कमवायला उमर जाते. त्याचे पैसे त्यानं जरूर घ्यावेत. पण हा नफा ज्या पद्धतीनं राखला जातो, त्यात मराठवाड्याचं जे नुकसान चाललंय त्यावर कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडं खंडेनवमीला माळ्यावरची शस्त्रं खाली येतात. पुसून, हळदकुंकू वाहून देवघरात मांडली जातात. कुणाकडं काय आहे ते या दिवसांत गावाला दिसतं, तसं भंगार घेत फिरणाऱ्यालाही दिसतं. परांड्याकडच्या एका वाड्यात मी एक तलवार पाहिली होती. पात्याला टोकाजवळ खाच, मुठीच्या वाटीला पितळेचं ठिगळ, त्यामुळं ती विसरणं शक्यच नव्हतं. घरातल्या आजी सांगायच्या, "ही माझ्या सासऱ्याच्या आज्याची, किल्ल्यावर चाकरीला होते ते." पुढं एक जण आला. "गंजलंय माय, लोखंडाच्या भावात जाईल, तरी दोन हजार देतो," म्हणाला आणि घेऊन गेला. मग एकदा पुण्यातल्या एका संग्राहकाच्या भिंतीवर तीच खाच, तेच ठिगळ. त्यांनी ५८ हजार मोजले होते. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: राजस्थानी तलवार, १८ वे शतक.

२ हजाराचे ५८ हजार झाले, मध्ये तीन-चार हात फिरले असतील. मला त्याहून जास्त लागलं ते 'राजस्थानी'. परांडा कशासाठी पुसलं? गाव सांगितलं तर गिऱ्हाईक उद्या थेट वाड्यावर जाईल, आणि आजींच्या लेकरांना खरा भाव कळेल, म्हणून. मधल्या प्रत्येकाची कमाई पुढच्याला मागचं कळू न देण्यावर उभी आहे. आजींना कमी पैसे मिळाले हे वाईटच, पण ते एका घरापुरतं. किल्ल्यावरच्या चाकरीची ती आठवण तलवारीपासून तुटली, ती आता कुणीच जोडू शकत नाही.

आणि मोठ्या लिलावांत पैसे मिळतात ते नेमके या ओळखीचेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीजमधून महाराष्ट्र सरकारनं नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवली. पातं युरोपीय, तशी फिरंगी पाती आपल्याकडं पुष्कळ आहेत. या पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव आणि 'सेनासाहेब सुभा' ही पदवी आहे, म्हणून तिचं मोल वेगळं. टिपूची तलवार २०२३ मध्ये बॉनहॅम्सला १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. १७९९ ला टिपू पडला त्या श्रीरंगपट्टणच्या लढाईपासून ती कुणाच्या हातात होती हे माहीत होतं. म्हणजे वर जी माहिती कोट्यवधींना विकली जाते, तीच खाली आपल्या गावांत चार पैशांसाठी फेकून दिली जाते.

उदगीरची लढाई १७६० ची, राक्षसभुवनची १७६३ ची, असईची १८०३ ची. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या फौजेच्या, पलटणी हिंगोलीला आणि त्या वेळच्या औरंगाबादला होत्या. एवढं सगळं या मातीत घडलं, आणि बाजारात 'उदगीर तालुक्यातून मिळालेली' असं लिहिलेली वस्तू मला जवळजवळ कधीच दिसत नाही.

पदकांचे हाल तर आणखी वाईट. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. चांदी जेमतेम तीन तोळे. भाव चढला की ते सराफाकडं जातं आणि वितळतं. एका शेतकऱ्याच्या पोरानं केलेल्या नोकरीचा घरातला एकमेव पुरावा तीन तोळ्यांत संपतो.

संग्राहकांनाही सांगायचंय. व्यापाऱ्याला शिव्या देऊन आणलेली कट्यार आपण वर्षाच्या आत दामदुपटीनं पुढं सरकवतो आणि "कुठली?" विचारल्यावर "जुन्या घराण्यातली" म्हणतो. हे बंद करू या. बिलावर गाव आणि तालुका मागा. घराचं नाव नको, चोरीची भीती असते. विक्रेत्याचा परवाना पाहा, कारण १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्यानं तो लागतोच. तेरला रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणला बाळासाहेब पाटील यांनी आपल्या परिसरातलं जमवून ठेवलं. आज तिथल्या संग्रहालयांत जाऊन 'हे तेरचं', 'हे पैठणचं' असं आपण बोट ठेवून सांगू शकतो. शस्त्रांच्या बाबतीत असं सांगता येईल अशा जागा आपल्याकडं फार थोड्या आहेत.

ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांनी ते चकचकीत घासू नका, तेजाब तर अजिबात लावू नका. मुठीचे, पात्यावरच्या अक्षरांचे, पदकाच्या कडेचे फोटो काढा. कुणाचं होतं, कुठून आलं हे थोरल्या माणसांच्या तोंडून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. दारात आलेल्या पहिल्या माणसाला भाव विचारू नका, दोन-तीन जाणकारांना फोटो दाखवा. विकायचं की नाही हे त्यानंतर ठरवा, आणि विकलंच तर गावाचं नाव लिहून सोबत द्या.