घड्याळातल्या कॅलरी ताटात वाढून घेऊ नका

"स्मार्टवॉच घ्या. रोज १०,००० पावलं भरा, घड्याळ जेवढ्या कॅलरी जळाल्या म्हणेल तेवढं बिनधास्त खा, नाडी '२२० वजा वय'च्या वर जाऊ देऊ नका, झोपेचा स्कोअर ८५च्या पुढे ठेवा, बीपी-साखर मनगटावरच बघा. वजन आपोआप उतरतं." या आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांत सारखा फिरत असतो.

घड्याळ उपयोगाचं आहेच. पण ते प्रत्यक्ष टिपतं मोजक्याच गोष्टी: मनगट कसं हलतंय, हिरव्या उजेडात कातडीखालचं रक्त कसं उसळतंय, आणि जीपीएस असेल तर तुम्ही किती लांब गेलात. बाकीचे बहुतेक आकडे यांवरून आणि तुम्ही भरलेल्या वय-वजन-उंचीवरून बांधलेले अंदाज असतात. त्या मजकुरात नेमके हे अंदाजच तराजूतल्या मापासारखे वापरायला सांगितले आहेत.

सर्वांत महागात पडतो तो कॅलरींचा सल्ला. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या मनगटावर सात वेगवेगळी उपकरणं बांधून तपासणी झाली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के.

ही चूक ताटात कशी उतरते ते बघा. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण २४५ कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० तर तो घरी सोफ्यावर बसला असता तरी गेल्याच असत्या, म्हणजे चालण्याची खरी कमाई १७५. घड्याळ २७ टक्के जास्त धरून ३१० दाखवतं. आता '३१० खाऊ शकतो' म्हणून तेवढ्याचा एक वडापाव खाल्ला, की चालण्याची सगळी कमाई गेली आणि वर १३५ चढल्या.

खाण्याच्या कॅलरींचा हिशोब ठेवणाऱ्या ॲपमध्ये आणखी एक गोची असते. नाव नोंदवताना 'मध्यम सक्रिय' निवडलं, की रोजचं चालणं तुमच्या कोट्यात आधीच धरलं जातं. मग घड्याळ जोडलं की काही ॲप तेच चालणं पुन्हा मिळवतात. घड्याळ जोडणार असाल तर 'बैठं काम' निवडा. त्याहून बरं म्हणजे व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या हिशोबात मिळवण्याची सोय सेटिंगमध्ये बंदच करा. हिशोब वजनकाट्यावर ठेवा: रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. तीन आठवडे सरासरी हलली नाही, तर रोजची एक पोळी आणि दोन चहांतली साखर कमी करा. साधारण १५० ते २०० कॅलरी तिथेच निघतात.

'आपोआप उतरतं' याचंही उत्तर आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला ४७१ तरुणांवर दोन वर्षं चाललेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. उपकरण दिलेल्या गटाचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, न दिलेल्या गटाचं ५.९ किलो.

१०,००० पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानी बाजारात एक पाऊलमापक आला. त्याचं नाव 'मान्पो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा साठीपुढच्यांत ६,००० ते ८,००० पावलांपाशी आणि त्याखालच्या वयात ८,००० ते १०,००० पाशी स्थिरावलेला दिसला. रोज ३,००० चालणाऱ्या आजींनी ४,००० केली तरी ती मोठी गोष्ट आहे. दोन आठवड्यांची आपली सरासरी काढा आणि तीत हजार मिळवा. वेगही बघा: मिनिटाला १०० पावलं पडली तर ते मध्यम व्यायामात मोडतं, घरातलं रेंगाळणं मोडत नाही.

मोजणी तरी बरोबर आहे का, हे तपासायला तोंडाने मोजत १०० पावलं चाला. घड्याळ ९५ ते १०५ दाखवत असेल तर ठीक. बाजारातली ट्रॉली किंवा बाळाची गाडी ढकलताना हात स्थिर राहतो आणि पावलं गळतात. उलट खड्ड्यांतून स्कूटर चालवताना किंवा पोळ्या लाटताना न चाललेली पावलं जमा होऊ शकतात.

'२२० वजा वय' ही सरासरी आहे, तुमची मर्यादा नव्हे. ५० व्या वर्षी ती १७० येते, पण त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांची कमाल नाडी १५८ आणि १८२ असू शकते. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी चढते. तिथे हे सूत्र लावूच नये. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग मध्यम समजा.

धावताना आणखी एक फसवणूक होते. पट्टा ढिला असला की सेन्सर रक्ताच्या ठोक्याऐवजी हाताचा हेलकावा पकडतो. तुमची पावलं मिनिटाला १७० पडत असतील तर नाडीही १७० वर अडकून बसते आणि माणूस उगाच घाबरतो. शंका आली की थांबा, लगेच मनगटाची नाडी बोटांनी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधा. डंबेल्स उचलताना मनगट वाकतं, तिथे छातीला बांधायचा नाडी मोजणारा पट्टा जास्त भरवशाचा.

झोपेबद्दल थोडक्यात. निपचित जागं पडून राहिलं तरी घड्याळ बहुधा ती झोपच धरतं, आणि 'गाढ झोप' मेंदूच्या लहरी न बघता ठरवतं. झोपायची-उठायची वेळ बघा, स्कोअर सोडा.

बीपी-साखर मनगटावर बघण्याचा शेवटचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असल्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. बीपी दाखवणारी सॅमसंगची घड्याळंही दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या मापाशी दर चार आठवड्यांनी जुळवावी लागतात. आणि घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघतो; दवाखान्यात १२ लीडचा काढतात. अनियमित ठोके तो पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, १०८ ला फोन करा.