पक्षाचा पैसा पगारात जिरतो, म्हणे

'आता कार्यकर्ता उरलाच नाही, सगळे पगारी. पक्षांचा पैसा पगारातच जिरतो आणि हिशेब कुठेच नसतो.' दर निवडणुकीला हा मेसेज फिरतो. यंदा एकाच दिवसात तीनदा आला, तेव्हा म्हटलं उत्तर देऊन टाकू.

हिशेब नसतो म्हणणाऱ्यांनी निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ उघडून बघावं. मान्यताप्राप्त पक्षांचे लेखापरीक्षित वार्षिक हिशेब तिथे असतात, त्यात कर्मचारी खर्चाची वेगळी ओळही असते. (कित्येकदा उशिरा येतात, ते सोडा.)

पगारात जिरतो? भाजपचं २०२२-२३ चं उदाहरण घ्या. एकूण खर्च सुमारे १,३६१ कोटी, त्यातले १,०९२ कोटी निवडणूक आणि प्रचारावर. म्हणजे रुपयातले ऐंशी पैसे जाहिराती, सभा, हेलिकॉप्टर यांत गेले. उरलेल्या वीस पैशांत कार्यालयं, वीजबिलं आणि मग पगार.

आणि पगार घेतला की निष्ठा संपली, हे कुणी ठरवलं? कम्युनिस्ट पक्षांत पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन देण्याची पद्धत फार जुनी. माकपचे खासदार-आमदार आपलं वेतन पक्षाकडे जमा करतात, पक्ष त्यांना ठरलेलं मानधन देतो. पटो न पटो, पण त्या माणसांना कुणी भाडोत्री म्हणत नाही.

खरी गोम रोजंदारीत आहे, आणि मेसेज नेमका तिथे गप्प. उमेदवाराच्या खर्चाच्या विवरणपत्रात प्रचार कार्यकर्त्यांवरच्या खर्चाचा चक्क वेगळा तक्ता असतो. म्हणजे माणसं पैसे देऊन लावणं गुन्हा नाही, फक्त ते दाखवावं लागतं. पण आपल्याकडे विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख. गेल्या विधानसभेला आमच्या गावात पोरं सकाळी चहा-वडापाव खाऊन निघायची, गाडीत पेट्रोल पडायचं, संध्याकाळी पाकीट मिळायचं. वडापावचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या दरपत्रकात असतो, त्यामुळे तो निमूट हिशेबात चढतो. पाकिटाला कुठली पावती?

पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. त्यात हल्ली सल्लागार कंपन्या आल्या. सर्वेक्षण करणारी, रील बनवणारी, बूथनिहाय याद्या लावणारी शेकडो पोरं कंपनीच्या पगारावर. पक्षाच्या 'कर्मचारी खर्चा'त त्यांचा मागमूस नाही. कंपनीला दिलेल्या रकमेची एक ओळ, बस्स. मेसेज फिरवायचाच असेल तर त्या एका ओळीचा तपशील मागणारा फिरवा.