खुलासा : कापलेल्या कांद्याने रंगाच्या वाफा जात नाहीत

दिवाळीआधीच्या रंगकामाच्या दिवसांत एक संदेश फिरतोय: पिंजऱ्यावर ओला कपडा टाका, शेजारी कापलेला कांदा ठेवा, पक्ष्याला रंगाचा त्रास होत नाही. हे खरं नाही. कृपया पुढे पाठवू नका.

ओल्या कपड्याने घासकामाची धूळ थोडी अडेल, पण थिनरच्या वाफा आरपार जातात. कांद्याच्या उग्र वासापुढे आपल्या नाकाला रंगाचा वास कमी जाणवतो इतकंच. हवा तीच राहते.

पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून जात राहते. उडायला लागणारा प्राणवायू असा मिळतो, आणि विषारी वायूही तितक्याच झपाट्याने भिनतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून कॅनरी नावाचे छोटे पक्षी नेत. १९८६ साली त्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं.

ऑइलपेंट, लाकडाचं पॉलिश, सनमायका चिकटवायचा गोंद, यांतलं काहीही घरात उघडणार असेल तर पिंजरा आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे हलवा. शेजारची खोली पुरत नाही, दाराच्या फटीतून वाफा येतातच. ‘बिनवासाचा’ रंग असला तरी हलवाच. काम संपल्यावरही खिडक्या उघड्या ठेवून काही दिवस थांबा.

तुमचा लव्हबर्ड (आपल्याकडे बजरीगारलाच असं म्हणतात) पिसं फुगवून बसला, श्वासागणिक शेपूट वरखाली होऊ लागली, चोच उघडी राहिली, तर वाट पाहू नका. आधी मोकळ्या हवेत न्या, आणि लगेच पशुवैद्याकडे.