दक्षिण आफ्रिकेतला अंधार सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं सार असं: गोरे होते तोवर दक्षिण आफ्रिकेत वीज होती, १९९४ मध्ये वर्णभेद संपून कृष्णवर्णीयांचं सरकार आल्यावर सगळं कोसळलं, आता तिथे वीज नाही, घराबाहेर पडलं की गोळी, आणि पैसेवाल्यांनी सौर पॅनेल लावून आपला प्रश्न सोडवला. तिथला त्रास खरा आहे, म्हणून हे वाचणाऱ्याला पटतं. पण तो त्रास भोगतं कोण, हेच त्यात सांगितलेलं नाही.

‘आधी वीज होती.’ कोणाकडे? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम एक तृतीयांश घरांत. कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुराखाली राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं मेणबत्ती, रॉकेल आणि कोळशाच्या शेगडीवर दिवस काढत होती. २०२२ च्या जनगणनेत ९४ टक्क्यांहून जास्त घरांत विजेचे दिवे आहेत. जोडण्या वाढल्या, केंद्रं मात्र वेळेत उभी राहिली नाहीत. साधारण २००७ पर्यंत शिल्लक क्षमता संपेल, असं १९९८ च्या सरकारी धोरणपत्रातच लिहिलेलं होतं. सरकार बसून राहिलं आणि २००८ च्या सुरुवातीला देश भारनियमनात गेला. पुढे मेडुपी आणि कुसिले ही प्रचंड केंद्रं रखडली. सरकारी वीज कंपनी एस्कॉम कशी लुटली गेली, ते सरकारी भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाने नोंदवलं; त्यातले उद्योजक गुप्ता बंधू आपल्या सहारनपूरचे. हा दोष सत्ताधाऱ्यांचा आहे आणि तो ठणकावून सांगावा. त्यासाठी वर्णभेदाच्या राजवटीचे गोडवे कशाला?

‘आता वीजच नाही.’ २०२३ मध्ये तीनशेहून जास्त दिवस भारनियमन झालं, हे खरं. पण २०२४ च्या मार्चअखेरपासून सलग दहा महिने ते झालं नाही. तरीही जोहान्सबर्गच्या सोवेटोसारख्या कृष्णवर्णीय वस्त्यांत सकाळ-संध्याकाळ, नेमकी चूल पेटायच्या वेळेला, वीज बंद होतेच. त्याला ‘लोड रिडक्शन’ म्हणतात. आकडे टाकून घेतलेल्या विजेने ट्रान्सफॉर्मर जळू नये म्हणून सगळ्या भागाचीच वीज तोडायची. ज्या बाईने प्रीपेड मीटरमध्ये पैसे भरलेत, तिचंही घर त्यात अंधारात. भारनियमन थांबल्याच्या मथळ्यांत ही बाई कुठेच नसते, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

‘घराबाहेर पडलं की गोळी.’ इथे मला काहीही सौम्य करायचं नाही. सहा कोटींच्या देशात अलीकडे वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजार खून झाले आहेत. १४० कोटींच्या भारतात २०२२ मध्ये ते साडेअठ्ठावीस हजार होते. पण हे खून देशभर सारखे पसरलेले नाहीत. केपटाऊनचं न्यांगा आणि डेल्फ्ट, दरबानजवळचं इनांडा आणि उमलाझी, अशी तीच ती पोलीस ठाणी दरवेळी यादीत वर असतात. मरणारे बहुतेक तिथलेच तरुण पुरुष. श्रीमंत उपनगरांत भिंतीवर विजेचं कुंपण असतं आणि बटण दाबलं की सशस्त्र रक्षकांची गाडी येते. अशा खासगी रक्षकांची संख्या पाच लाखांवर आहे, पोलिसांपेक्षा कितीतरी जास्त. वस्तीतली कामगार बाई मात्र पहाटे बंद दिव्यांच्या रस्त्यावरून एकटी मिनीबस टॅक्सी गाठते. वीज आणि गुन्हे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ते तिच्या त्या वाटेवर कळतं.

‘पैसेवाल्यांनी सौर लावून प्रश्न सोडवला.’ स्वतःपुरता, बराचसा. २०२२ नंतर दोनेक वर्षांत छतावरची सौरक्षमता दुपटीच्या वर गेली. पण जोहान्सबर्गमध्ये वीज जाऊन पाण्याच्या टाक्या भरणारे पंप बंद पडले की नळ त्यांचेही कोरडे पडतात.

नोकरीसाठी तिकडे निघालेल्यांनी हा मजकूर बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: राहायच्या भागात लोड रिडक्शन आहे का, पाणी किती दिवस जातं, आणि पहाटे-रात्री कामावर जायची-यायची सोय काय.